पाइपाचं दुसरं टोक

पाऊस आला तेव्हा कुणाची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती तो जात नाही याची. पाहुण्याने बिछाना गुंडाळायचं नाव काढू नये तसा तो ठाण मांडून बसला. जमीन पिऊन पिऊन तट्ट झाली, आणि घराघरांमागचे संडासाचे खड्डे वर यायला लागले. लोकांनी आधी झाकणांवर दगड ठेवले, मग नाकाला रुमाल लावले, आणि शेवटी टाकीवाल्याला बोलावणं धाडलं.

बोलावणं म्हणजे काय, रस्त्यात दिसला की एक आरोळी. "ए टाकी!" ट्रॅक्टर त्याचा, मागे जोडलेली लोखंडी टाकी त्याची, टाकीवरचा गंजही त्याचाच, पण हाक टाकीला, आणि ओ द्यायची माणसाने. इतकी वर्षं देतच होता.

या कामाला माणसं दोन लागत. एक ट्रॅक्टरपाशी, पंप आणि व्हॉल्व्ह सांभाळायला. दुसरं खड्ड्यापाशी, पाइपाचं तोंड आत धरायला. नुसतं धरून भागत नाही. तळाशी गाळ असतो, चिंध्या असतात, काय काय असतं. पाइप सारखा फिरवत, हिसकत राहावं लागतं, नाहीतर तो दम कोंडल्यासारखा घरघरतो आणि गप्प होतो. हे दुसरं टोक पूर्वी तो स्वतः धरायचा आणि बायको व्हॉल्व्हपाशी असायची. मग बायकोला दमा जडला. मग त्याचा उजवा खांदा गेला, हात छातीच्या वर उठेना. तेव्हापासून तो व्हॉल्व्हपाशी आणि खड्ड्यापाशी पोरगी.

पोरगी विशीला टेकलेली. लहानपणी खारीसारखी सरसर टाकीवर चढायची, म्हणून खारू.

*

मास्तरांच्या घरामागे चिखलात ट्रॅक्टरचं चाक रुतलं होतं. पाइप सुरू होता. खारू गुडघ्यापर्यंतचे बूट घालून खड्ड्याच्या काठावर पाय फाकवून उभी होती आणि पाइप कमरेला टेकवून घुसळत होती. मास्तर वरच्या खिडकीत आले. खिडकी बंदच ठेवून काचेतून मोठ्याने बोलले.

"हुशार होती हो ही. का सोडली शाळा कोण जाणे!"

खारूने वर पाहिलं नाही. वर्गात मास्तरांनीच तिला खिडकीशी एकटीला बसवलं होतं, हवा खेळती राहावी म्हणून. हिवाळ्यातसुद्धा.

"मुलींचं लक्ष लागत नाही साहेब," टाकीवाला म्हणाला. असं काहीतरी म्हटलं की बोलणं संपतं, हे त्याला ठाऊक होतं.

काम झाल्यावर मास्तरांच्या बायकोने पायरीवरून, हात लांब करून पाणी ओतलं. अर्धं हातांवर पडलं, अर्धं चिखलात.

परत येताना खारू टाकीच्या फळीवर उभी होती. ट्रॅक्टरच्या आवाजावरून ओरडून म्हणाली, "बाबा, सोमवारी डेअरीत जायचंय!"

त्याला ऐकू आलं होतं. त्याने गिअर बदलला.

*

हे डेअरीचं खूळ काढलं होतं ताईने.

ताई शहरातल्या एका संस्थेची. तिथे अशी पद्धत होती की एकेका पोराला एकेक ताई. शाळा सुटलेली, घरात कोंडलेली, कुणी कामाला न ठेवणारी पोरं हुडकायची आणि प्रत्येकाच्या मागे एकीने चिकटून राहायचं. काम मिळेपर्यंत, नाहीतर शिकायला लागेपर्यंत. घोळक्याला भाषण नाही, एकाला एक. ताई अंगाने भरलेली, गुडघ्याने दुखरी, छत्री कायम एका काडीने मोडकी. पहिल्यांदा आली तेव्हा बसायला काही नव्हतं, म्हणून टाकीच्या फळीवरच बसली. खारूच्या आईने त्या दिवशीच तिला आपल्यात घेतलं. टाकीवाल्याने घेतलं नाही. त्याला सरळ दिसत होतं: ही बाई गोड बोलून आपला एक हात काढून न्यायला आलीय. आणि हात एकच चालत होता.

मुलाखतीची तालीम चालायची खोलीत. तो बाहेर ट्रॅक्टरला ग्रीस लावत ऐकायचा. आई उशी मांडीवर घेऊन गाल फुगवायची, की झाली साहेब.

"हं. नाव काय तुझं?"

"तूच ठेवलंयस की."

"उलट उत्तर देते. नापास!"

"वहिनी, साहेब इतक्या लवकर नापास करत नाहीत," ताई हसत म्हणाली. "आधी चहा पितात. खारू, साहेबांकडे बघून बोल. जमिनीत काय पुरलंय?"

"साहेबांकडे बघितलं की हसू येतं."

"साहेबांना कामं आहेत," आई म्हणाली आणि खोकली. खोकला थांबल्यावर तिने खरंच साहेबासारखं विचारलं, "वडील काय करतात?"

बाहेर ग्रीसचा हात थांबला.

"ट्रॅक्टर चालवतात," खारू म्हणाली.

खोटं नव्हतं. चालवतच होता. त्याने ग्रीस पुसलं आणि पुन्हा लावलं.

*

डेअरीने एक दिवस कामावर येऊन दाखवायला सांगितलं होतं. कॅन धुवायचे, वाफेखाली धरायचे, उपडे घालायचे. दिवसभर बघून मग ठरवणार. ताई म्हणाली, सोमवारी सकाळी मी बसने परस्पर येते, डेअरीच्या गेटपाशी भेटू, आत माझ्याबरोबर जाऊ.

सोमवारी टाकीवाला उजाडायच्या आत उठला. दाढी केली. खांदा वर जात नव्हता म्हणून गळ्याखालचे केस तसेच राहिले. टाकी सोडवून ठेवली, ट्रॅक्टर साबणाने धुतला, सीटवर गोणपाट घातलं आणि बायकोला म्हणाला, "मी सोडतो तिला. चालत कशाला जाते चिखलातून?"

बायको बघतच राहिली. म्हणाली, "शर्टाला बटण नाही."

"असू दे. काम तिला मिळायचंय."

रस्त्यात सायकलवाल्याने ओरडून विचारलं, "ए टाकी, टाकी कुठाय?"

"सासरी गेली!" टाकीवाला म्हणाला. मडगार्डवर बसलेली खारू खुदकन हसली. बऱ्याच दिवसांनी त्याने असं काही म्हटलं होतं.

डेअरी आली. समोर मोठं निळं गेट होतं, उघडं, आत दुधाच्या गाड्या शिरत होत्या. ट्रॅक्टर त्याच्यासमोरून पुढे गेला, भिंतीच्या कडेने वळला आणि मागच्या बोळात, पत्र्याच्या लहान फाटकापाशी जाऊन उभा राहिला. त्याने वळवला असं म्हणता येणार नाही. हात वळले. खारूही काही म्हणाली नाही. आजवर कुणाच्याही घरात, दुकानात, दवाखान्यात ती दोघं गेली ती मागूनच. तिला तरी दुसरं कुठलं गेट सुचणार?

मागच्या दारी हॉर्न वाजवायचा नसतो. दार ठोठवायचं नसतं. आतली माणसं जेवत असतात, त्यांच्याकडे पाहुणे असतात. सवड झाली की येतात, आले की सांगतात. तोवर थांबायचं. थांबण्यात तर त्याची हयात गेलेली.

थांबली. पाऊस आला. खारूने डोक्यावर गोणपाट धरलं, कपडे भिजू नयेत म्हणून.

"बाबा, हाक मारू का?"

"नको. चिडतात."

"ताई आली नाही अजून."

"बसचं काही खरं नसतं."

भिंतीपलीकडे कॅन आपटल्याचे आवाज येत होते, बायका मोठ्याने हसत होत्या. वाफेचा एक पांढरा लोट भिंतीवरून वर यायचा आणि पावसात विरून जायचा. भोंगा झाला. नंतर पुन्हा एकदा झाला. खारूचे ओठ हलत होते. साहेबांना द्यायची उत्तरं म्हणत असावी.

दुपारी पत्र्याचं फाटक करकरलं. धुवण टाकायला आलेला रखवालदार बादली घेऊन तिथेच थबकला.

"टाकी कुणी बोलावली? आज नाही सांगितलेली."

"टाकी नाही आणली," टाकीवाला लगबगीने खाली उतरला. "पोरीचं काम होतं. आत विचाराल का, ती संस्थेची बाई आली का?"

"ती? ती सकाळपासून पुढच्या गेटवर उभी आहे. आल्या-गेल्याला विचारतेय, एक मुलगी दिसली का म्हणून."

रखवालदाराने जाऊन सांगितलं तशी ताई बोळातून पळत आली. पळणं तिला जमत नव्हतं. छत्री उलटी झालेली, एक पाय ओढत. जवळ येऊन ती दोघांकडे बघत राहिली आणि तिच्या सगळं ध्यानात आलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"इथे होतात," ती एवढंच म्हणाली.

*

ऑफिसच्या खिडकीला काच होती. टाकीवाला अंगणात उभा राहून बघत होता. आवाज येत नव्हता. साहेब खुर्चीत मागे रेललेला, ताई उभी. ताईचे हात आधी पुढे, मग भिंतीकडे, मग मागच्या फाटकाकडे, मग एकमेकांत. साहेब हसला. चांगलं हसला, दात दिसले. मग मान हलवली आणि एक बोट वर केलं.

ताई बाहेर आली.

"गुरुवारी. एकदाच, म्हणतात. त्यानंतर तोंड दाखवू नका."

"तुम्ही सांगायचं ना, ट्रॅक्टर बंद पडला."

"जे झालं ते सांगितलं, दादा."

"मग काय म्हणाले?"

ताईने छत्री मिटायचा प्रयत्न केला. मिटेना. "म्हणाले, पुढचं गेट काय बंद होतं का? कुणी अडवलं होतं का यांना?"

कुणी अडवलं नव्हतं. हे त्याला घरी पोचेपर्यंत पुरलं.

*

"जेवा."

"भूक नाही."

"तिने विचारलं होतं का तुम्हाला, हाक मारू का?"

"विचारलं होतं."

"मग?"

"मग काय. नको म्हटलं."

"ती काही बोलत नाहीये."

"मला काय बोलायचंय तिला? बोलू दे की."

"जेवा."

*

आणि गुरुवारी सकाळी दवाखान्याचा खड्डा फुटला.

कंपाउंडर स्वतः आला. कंपाउंडर त्यांच्या खोलीपर्यंत आला याचाच अर्थ पाणी बाळंतिणींच्या खोलीत शिरलं असणार. तो दारापासून लांब, दगडावर उभा राहिला.

"आत्ताच्या आत्ता चल. नसेल जमत तर सांग, पलीकडच्या गावचा टाकीवाला यायला तयार आहे. त्याचं मशीन नवं आहे. मग दवाखानाही त्याच्याकडे आणि शाळाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"येतो," टाकीवाला म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

खारू वेणी घालून, धुतलेले कपडे घालून तयार होती. ताईने आणून दिलेली चप्पल पायात होती. तिने कंपाउंडरचं ऐकलं, बापाच्या खांद्याकडे पाहिलं, चप्पल काढून भिंतीशी जोडून ठेवली आणि कोपऱ्यातून बूट ओढले.

टाकीवाल्याने ते पाहिलं. नको म्हणायला जीभ वळवावी लागते, तेवढीच. त्याने ती वळवली नाही. तो टाकी जोडायला गेला. खिळा बसवताना त्याच्या मनात आलं की आपण मुद्दाम वेळ लावतोय, म्हणजे तिचे बूट घालून होतील आणि बोलायला काही उरणार नाही.

ताई आली तेव्हा खारूने एक बूट घातला होता.

"हे काय?"

आईने खोकत खोकत सांगितलं. ताई ट्रॅक्टरकडे गेली.

"दादा, आज शेवटचं आहे."

"दवाखानाही शेवटचाच आहे."

"दुसरं कुणी नाही? एका दिवसापुरतं?"

"बघा की गावात हाक मारून," तो एकदम तडकला. "टाकीच्या पाइपाला हात लावायला कोण येतंय बघा. रांग लागेल! इतके दिवस येताय तुम्ही, शिकवताय तिला, साहेबाच्या डोळ्यात बघ, खाली बघू नको. मी काय करायचं, ते कोण शिकवणार? व्हॉल्व्ह कोण धरणार आणि पाइप कोण?"

ताईने आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग टाकीकडे.

"पाइप कसा धरायचा?"

"काय?"

"मला दाखवा. मी धरते."

आई आधी हसली. मग हसायची थांबली. खारू एका पायात बूट घालून लंगडत बाहेर आली. "ताई, वेड लागलंय का? तुला नाही जमणार. आणि तू डेअरीत माझ्याबरोबर…"

"मी तुझ्याबरोबर यायला हवं होतं, खरंय. पण मला दोन ठिकाणी नाही होता येत." ताईने खाली बसून तिचा बूट ओढून काढला. तो घट्ट होता, दोघींना जोर लावावा लागला. "पुढच्या गेटने जा. कुणी विचारलं कुठे, तर सांग कामावर. जा, उशीर होतोय."

"एकटी?"

"एकटी."

खारूने बापाकडे पाहिलं. तो खिळा ठोकत होता. खिळा कधीच बसला होता.

"जा," तो म्हणाला.

*

दवाखान्यामागे घोट्याएवढं पाणी होतं. ताईला बूट घट्ट होत होते. झाकण काढलं तशी ती वळली आणि भिंतीला धरून ओकली. तोंड पुसलं, आली, पाइप उचलला. पुन्हा ओकली. तिसऱ्यांदा पोटात काही उरलं नव्हतं.

"तोंडाने श्वास घ्या," टाकीवाला म्हणाला. "आणि कमरेला टेकवा. हाताने नका उचलू. माझा खांदा तसाच गेला."

पंप सुरू झाला. पाइप जिवंत झाल्यासारखा उसळला आणि ताईला घेऊन पुढे सरकला. टाकीवाल्याने व्हॉल्व्ह बंद केला. पुन्हा सुरू. पुन्हा तेच. त्याला वाटलं, आता ही म्हणेल, नाही जमत. ती म्हणाली नाही. नुसती शिवी दिली, अगदी साधी, आणि पाय फाकवून उभी राहिली. काम खारूच्या निम्म्यानेही होत नव्हतं. चिंधी अडकली की ताईला कळायचं नाही, पाइप घरघरायचा, त्याने इथून ओरडायचं, तिने हिसका द्यायचा, उडायचं ते अंगावर उडायचं. तिचा दुखरा गुडघा थरथरत होता, हे त्याला लांबूनही दिसत होतं.

कंपाउंडर नाकाला फडकं लावून आला.

"अरे टाकी, आज बायको आणलीस का रे? ए बाई, जोर लाव जरा! सकाळपासून हेच चाललंय!"

मागच्याच महिन्यात ही बाई डॉक्टरांसमोर खुर्चीत बसून चहा प्यायली होती, आणि चहा या कंपाउंडरनेच आणून दिला होता. आता त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. पाइपाच्या या टोकाला जे कुणी असतं त्याच्या तोंडाकडे कुणीच बघत नाही.

"साहेब, त्या बाई संस्थेच्या…" टाकीवाल्याने सुरुवात केली.

"राहू द्या," ताई म्हणाली. "व्हॉल्व्ह बघा तुम्ही."

काम संपलं तेव्हा दवाखान्याच्या मावशीने पायरीवरून लांबून पाणी ओतलं. ताईने ओंजळ पुढे केली. पाणी खाली पडलं. तिने ओंजळ आणखी पुढे नेली, पुन्हा खालीच. मग तिने हात मागे घेतले. नुसती उभी राहिली, हातांकडे बघत. खारूला अशा वेळी तो कधी काही म्हणत नसे.

"घरी पाणी तापवलं असेल तिने," तो शेवटी म्हणाला.

*

संध्याकाळी पाऊस थांबला होता, म्हणजे गळणं बारीक झालं होतं. ताई खारूच्या आईचे कपडे घालून बसली होती. ते तिला कुठेच पुरत नव्हते. दोनदा अंघोळ झाली होती, तरी ती मनगट नाकाशी नेऊन बघायची.

"जातो का हो वहिनी हा वास?"

"जातो की," आई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आम्हाला येईनासा होतो, म्हणून म्हणतेय."

ताईची बस कधीच गेली होती. ती मुद्दामच गेली नव्हती. तिघंही रस्त्याकडे बघत नव्हती, आणि खारू वळणावर आली तशी तिघांनाही दिसली.

ती नेहमीच्याच चालीने आली. हात पांढरे, सुरकुतलेले, वाफेने शिजल्यासारखे. दारात चप्पल काढली. आईने दुसऱ्या कुणाला विचारूच दिलं नाही.

"काय झालं गं?"

"पाणी दे आधी."

प्यायली.

"उद्यापासून या म्हणाले. रोज. पहाटेच्या पाळीला."

आई मटकन बसली. ताईने डोळे मिटले आणि भिंतीला डोकं टेकवलं. तिला हसायचं असावं, पण तेवढी ताकद राहिली नव्हती.

"कुणी काही बोललं का?" टाकीवाल्याने विचारलं.

"गेटवर रखवालदार म्हणाला, टाकी मागून. मी म्हटलं, टाकी नाही आली, मी आलेय."

"आणि आत?"

"एका बाईने विचारलं, कुणाची तू. सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"टाकीवाल्याची."

"मग?"

"मग ती म्हणाली, कॅन नीट उपडा घाल, पाणी राहतंय."

आई हसली आणि खोकली आणि हसली. मग हळूहळू खोलीत ते शिरलं, जे सकाळपासून बाहेर थांबलं होतं. पहाटेची पाळी. रोज. उद्या पोस्टाचा खड्डा होता, परवा पिठाच्या गिरणीचा. आईने ताईकडे पाहिलं, लगेच नजर काढून घेतली. पण ताईने ती पाहिली होती.

"उद्या मला नाही जमणार, दादा," ती म्हणाली. "दुसऱ्या पोरांकडे जायचंय. खरं तर पुन्हा जमेल असं वाटतही नाही."

"तुम्हाला कोण म्हणतंय?" टाकीवाला उठला. "तुम्ही तिच्यासाठी आलात. झालं तिचं."

यात राग नव्हता. तो बाहेर गेला. उजेड अजून थोडा होता. त्याने जुन्या फावड्याचा दांडा काढला, खड्ड्यावर आडवी टाकायची फळी काढली आणि पाइपाचं तोंड दांड्याला बांधायला घेतलं. म्हणजे दांडा फळीत अडकवून पाइप आत उभा राहील आणि माणूस व्हॉल्व्हपाशी जाऊन येऊ शकेल. हिसके द्यायला पुन्हा खड्ड्यापाशी. पुन्हा व्हॉल्व्हपाशी. दिवसाला एक खड्डा होईल, कदाचित तेवढाही नाही. उजवा हात वर जात नव्हता, म्हणून दोरीचं एक टोक त्याने दातांत धरलं. पाइप जड होता. दांड्यावरून घसरून पडला.

खारू मागून आली. तिने पाइप उचलला आणि दांड्याला लावून धरला, रोज धरायची तसा. आता गाठ सहज बसली असती.

त्याने दातांतली दोरी काढली.

"सोड," तो म्हणाला.

"बांधून होईपर्यंत धरते ना."

"उद्या कोण धरणार आहे? सोड."

तिने सोडला. पाइप खाली पडला. ती तिथेच उभी राहिली, रिकामे हात लोंबत, आणि त्याने वाकून पहिल्यापासून सुरुवात केली.